विद्युद्भार व विद्युत्प्रवाह : एक पाठ



आपले बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेतील. हिवाळ्यातील येथील कोरडी हवा या पाठास अनुकूल असते. प्लास्टिकची फणी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरावी. कपटे उचलले जातात. घासण्याने भार नव्याने उत्पन्न होत नाही. इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात, इतकेच. हा स्थिर भार होय.

भार वाहू लागला म्हणजे प्रवाह. येथे नीरा डाव्या कालव्याचा दृष्टान्त द्यावा. दर सेकंदास किती पाणी गेले यावरून विसर्ग ठरतो. तसेच दर सेकंदास एक कूलोम भार गेला म्हणजे एक अँपिअर प्रवाह. पाण्याच्या पातळीतील फरकासारखे येथे विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात.

परंतु दृष्टान्ताची मर्यादाही सांगावी. कालवा फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर प्रवाह थांबतो, विभवांतर मात्र कायम राहते. म्हणूनच विहिरीवरील मोटारीची तुटून पडलेली तार मुलांस निर्जीव वाटते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने तिला स्पर्श करताच त्याच्या देहातून प्रवाहाचा मार्ग पुरा होतो. पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे ७ अँपिअर घेते, देहास ०.०३ अँपिअरही घातक ठरू शकतो. मोटारीचा फ्यूज मुलास वाचवीत नाही, तो याच कारणाने.

वर्गातील प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवरच करावेत. ‘पडलेल्या तारेपासून दूर राहा, मोठ्यांना सांगा’ हे प्रत्येक मुलाच्या मुखी असावे. तेवढे साधले तरी पाठ सफल झाला, असे मी समजेन.