सिगडीजवळचं टेबल

मला खाद्यसंस्कृतीवर बोलायला सांगितलंय, पण मी एकाच हॉटेलाबद्दल बोलणार आहे. नागपाड्यातलं ते सीख कबाबचं हॉटेल 2023 मध्ये बंद झालं. नाव सांगत नाही, खाल्लेल्यांना कळलंच असेल.

पाच टेबलं आणि दारातच लांबट सिगडी. चाचा उत्तर प्रदेशातले. खिम्याला कच्च्या पपईचा गर लावायचे. त्याने म्हशीचं चिवट मांस मऊ पडतं, पण गर जास्त झाला तर खिमा सळईला धरत नाही, सुटून निखाऱ्यात पडतो. हात ओला करून ते खिमा सळईवर थापायचे. चरबी ठिबकली की धूर उठायचा आणि तोच कबाबला लागायचा. सोबत पुदिन्याची चटणी, कांदा, पाव.

2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. चाचांकडे आधीपासून म्हशीचंच मांस, तरी गिऱ्हाईक बिचकत यायचं. मग भिंतीवर मराठीत पाटी लागली, ‘म्हशीचे मांस’. ती मी लिहून दिली. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात मराठीच. चाचांना त्याची भारी गंमत वाटायची. 

मुलींनी बसायचं तर पडद्यामागच्या ‘फॅमिली रूम’मध्ये. तिथे पंखा नाही आणि सिगडीही दिसत नाही! कॉलेजात असताना आम्ही तिघी एकदा बाहेरच बसलो, सिगडीजवळच्या टेबलावर. एका गिऱ्हाइकाने हटकलं. चाचा सळई फिरवता फिरवता म्हणाले, “बैठने दो, पैसा ये भी देती हैं.” पुढच्या आठवड्यात पडदा धुवायला गेला, तो परत लागलाच नाही. नंतर तिथे बायका एकट्याही येऊन जेवायच्या. माझी अम्मीसुद्धा.

हल्ली कुणीही सांगतं की कोळशाच्या बंदीने हॉटेल गेलं. तसं नाही. लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं, हा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी 2025 चा. हॉटेल त्याआधीच बंद झालं होतं. चाचांचा खोकला थांबत नव्हता आणि मुलं सिगडीपुढे उभी राहायला तयार नव्हती. मला त्या मुलांचं पटतं. आपण अर्धा तास बसून उठायचो, चाचा दुपारपासून रात्री एकपर्यंत त्या धुरात असायचे. गॅसवर ती चव येत नाही हे खरं, पण ही तक्रार मी त्यांच्यासमोर कधी करणार नाही.

चाचा आता गावी असतात. मागच्या ईदला फोनवर त्यांनी मसाल्याचं सगळं प्रमाण सांगितलं, पपईचं तेवढं “अंदाज़ से” म्हणाले. मी लिहून घेतलंय. कुणाला हवं असेल तर कार्यक्रमानंतर भेटा.