वायसर तुमचं, वायरिंग वायरमनचं



नळ गळायला लागला की लगेच प्लंबरला फोन करू नका. कॉक बंद करा, पान्यानं नळाचा वरचा भाग खोला, झिजलेलं वायसर नमुन्याला घेऊन दुकानात जा आणि तसंच नवं आणून बसवा. काही चुकलं तर नळ पुन्हा गळेल. गळू दे, पुन्हा खोला. अशी कामं घरच्या घरी जरूर करावीत.

विजेचं काम मात्र चूक दाखवत नाही. गिझरच्या प्लगमध्ये अर्थिंगची हिरवी वायर जोडायची राहिली, तरी पाणी छान तापतं. वर्षभर तापतं. मग कधीतरी कॉइल खराब होऊन गिझरच्या बॉडीला करंट येतो. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. आता ओल्या हातानं नळ धरणाऱ्याच्या अंगातून जातो, आणि आपल्या घरात असतात २३० व्होल्ट!

काम अवघड असेल तर माणूस बोलवावा, सोपं असेल तर आपणच करावं, असा आपला हिशेब. मला तो पटत नाही. वायर जोडणं वायसर बदलण्याइतकंच सोपं आहे. प्रश्न वेगळा विचारावा: माझं चुकलं, तर ते मला वेळेवर कळेल का?

आता एमसीबीचं बघा. नवा एसी लावला आणि एमसीबी सारखा पडायला लागला. मग घरातले हुशार काका (असे एक काका प्रत्येक घरात असतात) १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवतात. पडणं थांबतं, काकांचं कौतुक होतं. भिंतीतली वायर मात्र तीच, जुनी, दीड चौरस मिलिमीटरची. एमसीबी पडत होता तो तिच्याचसाठी. आता ती आतल्या आत तापते, तिचं आवरण करपतं आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

वायरमन आला की दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे कसले, म्हणून आपण कुरकुरतो. पण तो मीटर लावून अर्थिंग तपासतो. आपल्या टेस्टरचा दिवा फेज दाखवतो, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. त्याला परवाना आहे का, हे मात्र न संकोचता विचारा.

गॅसचा वास आला तर स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. तिथे दुरुस्तीचा प्रयोग नकोच.

आणि उद्या सकाळी एवढं करा. मेन बोर्डवर आरसीसीबी असेल, तर त्यावर इंग्रजी ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं हे यंत्र शाबूत आहे का, ते त्यानं कळतं. बटण दाबा. वीज गेली तर उत्तम. खटका वर करून चहाला लागा. गेली नाही, किंवा असं बटणच सापडलं नाही, तर वायरमनला बोलवा.