जीपगाडींतील खर्ज

केळना आणि पूर्णा ह्या नद्यांच्या संगमावरील जाफराबाद हें काळ्या मातीचें आणि कपाशीचें गांव आहे. ती माती भिजली कीं चाकास घट्ट धरून बसते, आणि वाळली कीं तिची बारीक धूळ दारांच्या फटींतून गाडीच्या आंत शिरते. अशा मुलखांत टेंभुर्णी, माहोरा ह्या बाजूंच्या शेतवाटांवर जावयाचें तर चारही चाकांस जोर देणारी लहान गाडी सोयीची पडते. अशी गाडी घेणाऱ्या तरुणास अलीकडे आणखी एक हौस असते. गाण्यांतील खर्ज भरदार ऐकूं यावा म्हणून तो गाडीच्या मागच्या जागेंत 'सबवूफर' नांवाचा मोठा कर्णा बसवून घेतो. ही हौस वाईट नाहीं. परंतु ज्या गाडीच्या भरवंशावर माणूस नाला ओलांडून रात्रीं घरीं येतो, तिच्यांत हा कर्णा केवढा असावा आणि कोणत्या रीतीनें बसवावा, हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाहीं.

जीप मुळांत संगीतासाठीं जन्मलेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपला कापडाचें छप्पर होतें, पत्र्याचीं दारें नव्हतीं आणि तिची वीज अवघी 6 व्होल्टची होती. 1945 सालीं स्थापन झालेल्या आणि पुढें महिंद्र ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत जीपगाड्यांच्या जुळणीस आरंभ केला. पुढें 1985 सालीं मारुतीची जिप्सी, 2010 सालीं महिंद्रची थार, 2020 सालीं नाशिकच्या कारखान्यांतून नव्या बांधणीची थार आणि 2023 च्या जूनमध्यें जिम्नी, असा हा वंश वाढला. तीन दारांची थार आणि जिम्नी ह्या दोघींची लांबी 3985 मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांहून किंचित् कमी आहे. वीज आतां 12 व्होल्टची झाली. छप्पर आलें, दारें आलीं. तरी रुंद खाचांचीं चाकें, उभी कांच आणि शिडीसारख्या सांगाड्यावर बसविलेला पत्रा हीं कुळलक्षणें कायम आहेत, आणि गाण्यांतील खर्ज हरवतो तो त्यांच्याच आवाजांत.

खर्ज हरवतो कसा, हें समजल्यावांचून त्यावरचा उपाय समजणार नाहीं. अमेरिकेंतील फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघां संशोधकांनीं 1933 सालीं असें दाखवून दिलें कीं, माणसाचा कान सर्व सुरांस सारखाच तीक्ष्ण नाहीं. सेकंदास 1000 कंपनांचा स्वर हलक्या जोरावरही स्पष्ट ऐकूं येतो. तोच 40 कंपनांचा खोल स्वर तितकाच ठळक भासावयास हवेचा दाब कितीतरी पटींनीं अधिक लागतो. त्यांतून चाकांचा घरघराट, इंजिनाची घुमण आणि वाऱ्याचा झोत हे सारे आवाज बहुतांशीं खालच्या पट्टींतलेच असतात. सारांश, जो स्वर कानास आधींच कमी ऐकूं येतो त्याच्यावरच रस्ता आपला पडदा टाकतो. चालविणारा मग आवाज वाढवीत जातो. त्यानें गायकाचा वरचा सूर आणि झांजांचा कर्कशपणा वाढतो, खर्ज मात्र वर येत नाहीं. तासाभरांत कान शिणतात, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीचा भोंगाही ऐकूं येईनासा होतो.

दारांतले किंवा छतांतले लहान कर्णे हें काम करूं शकत नाहींत, ह्याचें कारण सरळ आहे. कंपनसंख्या निम्मी झाली कीं तितकाच जोर राखावयास चौपट हवा हलवावी लागते. त्यासाठीं पडदा मोठा हवा, जड हवा आणि पुरेसा सैलही हवा. पखवाजाच्या डाव्या तोंडास वादक ओली कणीक लावतो ती ह्याच कारणासाठीं. चामड्यावर वजन चढलें कीं त्याचीं कंपनें मंदावतात आणि खोल नाद उमटतो. सबवूफरचा जाड, जड पडदा आणि त्याभोंवतींची लवचीक रबरी कड हा त्याच युक्तीचा आजचा अवतार होय.

मात्र पडदा नुसता उघड्यावर ठेवला तर त्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींस मारून टाकतात. म्हणून त्यास पेटी लागते. पूर्वीं खोल नादासाठीं कपाटाएवढ्या पेट्या लागत असत. 1954 सालीं अमेरिकेंतील एडगर विल्चर ह्यांनीं लहान, हवाबंद पेटी पुढें आणली. तींत कोंडलेली हवाच स्प्रिंगेचें काम करते आणि सैल पडद्यास आवरून धरते. पुढें 1961 सालीं ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील ह्यांनीं, आणि 1970 नंतर रिचर्ड स्मॉल ह्यांनीं, कोणत्या कर्ण्यास केवढी पेटी द्यावी ह्याचें गणित बसवून दिलें. त्या गणिताचा व्यवहारांतला अर्थ एवढाच कीं, पेटी गरजेपेक्षां लहान झाली तर आंतली हवा ताठर होते, पडद्याची स्वाभाविक कंपनसंख्या वर चढते आणि खोल नादाऐवजीं नुसता ढबढबाट ऐकूं येतो. हवाबंद पेटींत 8 इंची कर्ण्यास साधारणतः 10 ते 15 लिटर, 10 इंचीस सुमारें 20 लिटर आणि 12 इंचीस 30 लिटरांच्या आसपास हवा लागते. जिम्नीच्या मागील आसनामागें एकंदर जागा 208 लिटर आहे. फळ्यांची जाडी आणि पेटीभोंवतीं वायां जाणारी जागा धरली तर 12 इंची कर्णा तींतला मोठा हिस्सा खातो, आणि खताची पिशवी किंवा फवारणीचा पंप ठेवावयास अडचण होते.

येथें लहान गाडीचा एक मोठा गुण कामास येतो. सेकंदास 50 कंपनांच्या नादाची एक लहर हवेंत सुमारें 7 मीटर लांब असते; गाडीच्या आंतली पोकळी तिच्या निम्मीही नसते. एवढ्या जागेंत लहर उलगडतच नाहीं. पडदा पुढें आला कीं गाडींतल्या साऱ्या हवेचा दाब वाढतो, मागें गेला कीं उतरतो; जणूं बंद भात्यांतच माणूस बसला आहे. त्यामुळें जसजसा नाद खोल जातो, तसतशी बंद गाडी त्यास आपण होऊन जोर देते. म्हणूनच दिवाणखान्यांत दुबळा वाटणारा 8 इंची कर्णा लहान जीपमध्यें पुरेसा होतो. मात्र कापडी छप्पर काढलें किंवा कांचा उतरविल्या कीं हा लाभ तत्काळ नाहींसा होतो. उघड्या गाडींत तोच खर्ज आणूं पाहणारा मनुष्य विजेचा जोर कितीही वाढवो. तो जोर गाडींत न राहतां गल्लींत जातो.

वॅटांच्या मोठ्या आंकड्यांनींही फसूं नये. वीज दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबेलांनीं वाढतो, आणि कानास दुप्पट भासावयास सुमारें दसपट वीज लागते. 150 वॅटांचे 300 वॅट केल्यानें ऐकणाऱ्यास फरक थोडा पडतो. बॅटरीस मात्र पुरा पडतो. इंजिन चालूं असतां गाडींत सुमारें साडेतेरा व्होल्ट असतात. शेंकडा 80 कार्यक्षमतेच्या वर्धकास, म्हणजे अँप्लिफायरास, पूर्ण 300 वॅट देतांना 28 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढावा लागतो. बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत पांच मीटर तांब्याची तार धरली आणि ती अडीच चौरस मिलिमीटरची असली, तर त्या प्रवाहास सुमारें एक व्होल्ट वाटेंतच मरतो आणि तार तापते. दहा चौरस मिलिमीटरच्या तारेंत तीच घट पाव व्होल्टावर येते. तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. पण तेवढ्याच जाडीस ती कमी प्रवाह वाहते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट फ्यूजची आहे. फ्यूज हा वर्धकाच्या रक्षणासाठीं आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ, तिच्यापासून दीड फुटाच्या आंत. इंजिन आणि बैठक ह्यांमधील पत्र्याच्या भोंकांतून तार आणतांना तींत रबरी कडें नसेल, तर खडबडीत वाटेवर तिचें आवरण दिवसेंदिवस झिजत जातें. एके दिवशीं तांबें पत्र्यास टेकतें आणि बॅटरी शेंकडों अँपिअर एकदम ओतते. फ्यूज जवळ असला तर तो वितळून काम संपतें. तो दुसऱ्या टोकास असला किंवा मुळींच नसला तर तार पेटते, आणि तिच्या पाठोपाठ गाडी. परतीच्या तारेसाठींही रंग खरवडून उघड्या केलेल्या निखळ धातूवर घट्ट बोल्ट असावा. तो सैल वा गंजलेला असला तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुंईकुंई गाण्यांत मिसळते.

जाफराबादच्या पावसाळ्यांत ह्या साऱ्याची कसोटी पाणी घेतें. आसनाखालीं सरकविण्याची चपटी पेटी, जिच्या पोटांतच वर्धक असतो, ती जागेच्या दृष्टीनें सर्वांत सोयीची. पण पाणी प्रथम जेथें सांचतें तेथेंच ती बसते. 2020 च्या थारचा तळ धुतां यावा म्हणून त्यास पाणी सोडण्याचीं बुचें दिलेलीं आहेत आणि तिचे कांहीं कर्णे छतांत बसविले आहेत. गाडी घडविणाऱ्यांनीं जी गोष्ट ओळखली ती कर्णा बसविणाऱ्यानेंही ओळखली पाहिजे. डांबरी सडकेवरच फिरणाऱ्या गाडीस आसनाखालची पेटी चालेल. नाल्यांतून जाणाऱ्या गाडींत मात्र 8 इंची कर्ण्याची हवाबंद पेटी मागच्या कोपऱ्यांत, तळापासून वीतभर उंच, लोखंडी पट्ट्यांवर बसवावी आणि वर्धक त्याहूनही वर लावावा. लाकडाच्या भुशाची दाबीव फळी भिजली कीं फुगते व सांधे सोडते. पाण्यास टिकणारें प्लायवुड महाग पडलें तरी तेंच घ्यावें. भोंक ठेवलेली पेटी आवाजास मोठी असते, परंतु तिला जागा अधिक लागते आणि त्या भोंकांतून धूळ सरळ आंत जाते.

पेटी नुसती ठेवून देणें हा तर प्राणाशीं खेळ आहे. 12 इंची कर्ण्याची पेटी वीस किलो सहज भरते. ताशी 50 किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर सुटी पेटी त्याच वेगानें पुढें येते. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडलेल्या वीस किलोंचा तो आघात होय, आणि पुढें बसलेल्याच्या मानेमागें केवळ आसनाची पाठ असते. गाडी उलटली तरीही तेंच. म्हणून पेटी बोल्टांनीं, मागें रुंद पत्रा देऊन, गाडीच्या धातूस जखडावी. आणि भोंक पाडण्यापूर्वीं पत्र्याखालीं इंधनाची टाकी किंवा ब्रेकची नळी नाहीं, हें गाडीखालीं शिरून पाहावें.

इतकें झाल्यावर स्वर जुळविण्याचें काम राहतें, आणि तें फुकट होतें. सबवूफरकडे 80 कंपनांच्या खालचेच नाद जाऊं द्यावे. ही मर्यादा फार वर नेली तर गायकाचा आवाज पाठीमागून येऊं लागतो. वर्धकावर नादाची दिशा उलटविणारी कळ असते. चालकाच्या जागीं बसून दोन्ही प्रकारें ऐकावें आणि ज्यांत खर्ज भरून येतो ती बाजू ठेवावी. मग जॅक, पाने, मागच्या दारावरचें जादा चाक आणि क्रमांकाची पाटी ह्यांची खडखड एकेक करून बंद करावी. पुष्कळदां लोक कर्ण्यास दोष देतात आणि वाजत असतो सैल स्क्रू.

इंजिन बंद ठेवून शेतांत गाणें लावण्याचा मोह मोठा असतो. 60 अँपिअर-तासांच्या बॅटरींतून सरासरी 10 अँपिअर ओढले तर तीन तासांत ती निम्मी रिकामी होते, आणि थंडीच्या पहांटे इंजिन फिरविणें तिला जड जातें. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठीं दिवसा 55 आणि रात्रीं 45 डेसिबेलांची मर्यादा घातली आहे, आणि त्यांतील रात्र दहापासून सकाळीं सहापर्यंत धरली आहे. वरचा सूर भिंतींनीं अडतो. खर्ज भिंतींतून पलीकडे जातो आणि शेजारच्या घरांत निजलेल्या मुलापर्यंत पोंचतो.

म्हणून योग्य रीतीनें बसविलेल्या कर्ण्याची ओळख त्याच्या दणक्यावरून होत नाहीं. तो बसविल्यावर चालविणाऱ्यानें गाण्याचा एकंदर आवाज पूर्वींपेक्षां खालीं आणला असेल, तरी मृदंगाची थाप त्यास स्पष्ट ऐकूं येत असेल, आणि तिच्याबरोबर मागच्या गाडीचा भोंगा व ओढ्याच्या पाण्याची खळखळही, तर पैसा सार्थकीं लागला असें समजावें. रस्त्यानें झांकलेला खर्ज ऐकणाऱ्यास परत मिळवून देणें, एवढेंच त्या पेटीचें काम आहे. आणि तेवढ्यासाठीं लहान गाडीस लहान पेटी पुरते.