बाळ आवाजाला वळते का?

(बारामती येथील महिला मेळाव्यातील मनोगत)



आमचा मुलगा दीड वर्षाचा झाला, तरी ताट पडल्यावर दचकत नसे. सासूबाई म्हणत, "याचा बापही उशिराच बोलला." त्या वाट पाहण्यात आमचे सहा महिने गेले. मग तपासणी झाली आणि तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट बसले.

टाके भरल्यावर यंत्र सुरू केले, तेव्हा तो घाबरून रडला. आवाज म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हते. दर आठवड्याला इंदापूरहून एसटीने बारामतीला वाचा-उपचारासाठी येत होतो. घरी भाकरी थापताना, शेळ्या बांधताना मी सतत त्याच्याशी बोलत राहिले. आठ महिन्यांनी दारावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि तो वळला! "आई" त्यानंतर आली.

आजही अंघोळीला यंत्र काढले की त्याला काही ऐकू येत नाही. एकदा वायर तुटली, तर बारा दिवस घर मुके झाले.

गरीब घरातील जन्मतः बहिऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आत केंद्राच्या ॲडिप योजनेतून शस्त्रक्रियेला मदत मिळते. पण बॅटरी, वायर, एसटीचे भाडे वर्षानुवर्षे लागते. तिथे तुमचा हात हवा.

वस्तीवर धान्य-कपडे घेऊन जाल, तेव्हा एवढे विचारा : बाळ आवाजाला वळते का? वळत नसेल, तर आमच्यासारखी वाट पाहू देऊ नका.