एकाचे अवयव



बाराचे अवयव पाडा म्हटलें, कीं शाळेंतलें पोरही 'तीन चोक बारा' म्हणून मोकळें होतें. पण एकाचे अवयव? एक गुणिलें एक, फार तर उणें एक गुणिलें उणें एक. पूर्ण संख्यांत याखेरीज मार्ग नाहीं. बीजगणिताच्या ज्या एका प्रांतांत एकाचे निराळेच अवयव सांपडले, तेथें आपणांस नेणार आहें.

त्या प्रांताचें नांव गट-वलय. गट म्हणजे एकामागून एक करतां येणाऱ्या व उलट फिरवतां येणाऱ्या कृतींचा समुदाय. हातांतलें पोस्टकार्ड उलटें करा. या कृतीला 'ट' म्हणूं. ती दोनदां केली, कीं कार्ड पूर्ववत्; म्हणजे ट गुणिलें ट बरोबर एक. आतां अशा कृतींना संख्यांनीं गुणून त्यांची बेरीज मांडावयाची, जसें 'पांच अधिक तीन ट'. ही बेरीज कार्डावर कशी करावी, हें मात्र विचारूं नका. ती कागदावरच होते! येथें 'एक अधिक ट' ला 'एक उणें ट' नें गुणिलें, तर उत्तर शून्य येतें. याचा उपयोगही आहे. या दोहोंची निमपट घ्या. 'पांच अधिक तीन ट' म्हणजे पहिल्या निमपटीची ८ पट आणि दुसरीची २ पट. असे दोन भाग पडले, कीं गुणाकारांत एकाचा दुसऱ्याला उपद्रव नाहीं.

पण कितीही वेळां केली तरी कोणतीच कृती पूर्वपदावर येत नसेल तर? अशा गटांत एकाचे अवयव म्हणजे एकच कृती व तिची उलट कृती, फार तर संख्येनें गुणिलेल्या. दुसरे नाहींत, असा तर्क होता. हिगमन यांच्या १९४० च्या ऑक्सफर्डच्या प्रबंधांत त्याचें मूळ आहे. पुढें कॅप्लान्स्की यांनीं तो प्रसिद्धीस आणला. सरळ रस्त्यावरील पावलांच्या गटांत तो उघडच खरा. सर्वांत दूरच्या पावलाला सर्वांत दूरचें पाऊल गुणिलें, कीं येणाऱ्या पदाला खोडणारें दुसरें पदच नसतें. पण मळसूत्रासारख्या, वळतां वळतां पुढें सरकणाऱ्या कृतींच्या गटांत 'सर्वांत दूर' कशाला म्हणावें?

२०२१ च्या फेब्रुवारींत जर्मनींतील म्यून्स्टर येथें जाइल्स गार्डम यांनीं अशाच एका गटांत एकाचे दोन अवयव दाखविले. संख्या शून्य व एक एवढ्याच, आणि एक अधिक एक बरोबर शून्य. प्रत्येक अवयवांत २१ पदें, गुणाकाराचीं ४४१. त्यांतलीं ४४० जोडीजोडीनें खोडलीं गेलीं आणि उरला एक! शोधाला संगणक लागला, पण पडताळा कागदावर घेतां येतो.

अशा गटांत दोन शून्येतर अवयवांचा गुणाकार शून्य होतो काय, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाहीं.