बारा ताऱ्यांचा झेंडा

इंदापूर तालुक्यातल्या बोरीची काळी द्राक्षं नावाजलेली. आपल्या भागातली द्राक्षं युरोपातही जातात आणि त्यासाठी बागायतदार औषधांचे अंश तपासून घेतात. या तपासणीचे नियम ज्या युरोपीय महासंघाचे, त्याचा झेंडा पाहिलात? निळ्या रंगावर बारा सोनेरी तारे, वर्तुळात मांडलेले.

तारे म्हणजे बारा देश, असं अनेकांना वाटतं. पण सदस्य देश आज २७ आहेत. २०२०मध्ये ब्रिटन बाहेर पडला, तरी एकही तारा गळला नाही. बारा हा आकडा पूर्णतेचा, वर्तुळ एकीचं. देश येवोत-जावोत, झेंडा तोच. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. मुळात तो १९५५मध्ये ‘युरोप परिषद’ या वेगळ्याच संस्थेनं स्वीकारला होता. महासंघाच्या आधीच्या संघटनेनं तो १९८५मध्ये आपला मानला.

हेच बारा तारे हिरव्या रंगावर पानाच्या आकारात दिसले, तर ते सेंद्रिय मालाचं चिन्ह. ते २०१०पासून लागू आहे. आपल्या सेंद्रिय मालावरही ते लावता येतं, पण रीतसर प्रमाणपत्र असेल तरच. सोबत प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा क्रमांक आणि माल महासंघाबाहेर पिकल्याची नोंद हवी. नेहमीच्या निर्यातीच्या द्राक्षपेटीवर मात्र हे पान छापायचं नाही.