८ सेकंदांचा बग

‘आमच्याकडे तर असं होत नाही’ हे वाक्य तुम्ही सपोर्टवाल्यांकडून ऐकलंच असेल. एम्बेडेडमध्ये काम करणारे आम्ही लोकही ते बोलतो. आज त्या वाक्याचीच गोष्ट.

थेरॅक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन. कॅनडातल्या एईसीएल कंपनीचं, पीडीपी-११ कॉम्प्युटरवर चालणारं. मार्च १९८६, टायलर, टेक्सास. ऑपरेटरला इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ टाकायचं होतं, सवयीने ‘एक्स’ पडलं, म्हणजे एक्स-रे. तिने पटकन कर्सर वर नेला, दुरुस्त केलं, बीम सोडला. मशीन थांबलं. स्क्रीनवर फक्त ‘मालफंक्शन ५४’. आता यावरून काय कळणार कुणाला, सांगा!

रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. नंतरचा अंदाज: १६,५०० ते २५,०००.

कंपनीचे इंजिनिअर आले, मशीन तपासलं, एरर काही येईना. मशीन परत सुरू झालं. ११ एप्रिलला तीच ऑपरेटर, तोच मेसेज, दुसरा रुग्ण. दोघेही पुढे दगावले.

यावेळी हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने मशीन बंद केलं आणि ऑपरेटरला शेजारी बसवलं. तिला नेमकं काय केलं ते आठवत होतं. दोघांनी तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि सापडलं: टायपिंगचा वेग! मॅग्नेट सेट व्हायला साधारण ८ सेकंद लागायचे. तेवढ्यात दुरुस्ती उरकली, तर स्क्रीनवर नवा मोड दिसायचा, पण प्रोग्रामच्या आत ती पूर्ण पोचायचीच नाही. कंपनीलाही आधी हे जमेना. ‘भराभर टाइप करा’ असं सांगितल्यावर जमलं. रोजच्या सरावाने तिचा हात बसला होता, टेस्ट करणारे मात्र सावकाश टाइप करत होते.

म्हणून मला ‘रँडम बग’ हा शब्द आवडत नाही. बहुतेक वेळा त्यामागे एक अट असते, आपल्याला ती माहीत नसते इतकंच. लॉगमध्ये ‘काय झालं’ याबरोबर ‘किती मिलिसेकंदांनी झालं’ हेही लिहा. आणि वापरणाऱ्याला ‘तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल’ म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसून त्याचे हात बघा.

अजून एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. हाच दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. पण तिथे हार्डवेअरचं वेगळं संरक्षण होतं, त्यामुळे फक्त फ्यूज उडायचा. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं.